बाबांची सही

(१९७२ च्या अकरावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ज्या माणसामुळे आपण घडलो त्याच्याबद्दल प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे, असे संयोजकांनी कळवले होते. मी माझ्या वडिलांबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना पाहिले आहे. आमच्या घरी आलात की ते आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करायचे. जेवणाचे ताट नसताना नुसताच पापड कसा, याचे तुम्हाला मोठे नवल वाटायचे. आम्हा सिंधी लोकांत पाहुण्याचे स्वागत असेच होते.

बाबा मूळचे सिंधमधल्या शिकारपूरचे. तिथल्या बाजारात आजोबांचे कापडाचे दुकान होते. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन भाग झाले. आमचा सिंध मात्र सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर माणसांनी भरलेल्या बोटी मुंबईला लागू लागल्या. त्यांतल्याच एका बोटीतून बाबा आई-वडिलांना घेऊन उतरले. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून सोडले. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी होत्या त्या. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, आणि दोन कुटुंबांमध्ये भिंत म्हणून टांगलेले गोणपाट. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण तुमच्या लेखी आम्ही 'कॅम्पातली पोरं'च राहिलो. मी हे रागाने म्हणत नाही. आम्ही स्वतःही अजून कॅम्पच म्हणतो.

सरकारी कागदांवर आम्ही 'निर्वासित' होतो. बाबांना तो शब्द आवडत नसे. त्या काळी आमच्यातली बरीच माणसे स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत, तसे तेही म्हणत. पहाटे चारला उठून नळावर नंबर लावायचा, पाणी भरायचे आणि पहिली लोकल गाठायची. गाडीत ते सुया, बटणे, कंगवे, बुटांच्या नाड्या विकत. आई घरी पापड लाटायची. संध्याकाळी ते पापड पिशवीत घालून बाबा कल्याणात दारोदार फिरत. आपण एके काळी दुकानाच्या गादीवर बसत होतो, हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. फक्त माझ्या गणवेशाचे कापड घेताना ते दोन बोटांत चोळून दुकानदाराला म्हणायचे, "हे आटेल." आणि ते खरोखर आटायचे.

मला सिंधी शाळेत न घालता वालधुनीपलीकडच्या या मराठी शाळेत घालायचे, हे त्यांनीच ठरवले. नातेवाईक नाराज झाले. बाबांचे म्हणणे एकच होते : ज्या गावात भाकरी खायची, त्या गावाची बोली पोराला यायला हवी. त्यांना स्वतःला मराठी बोलता येई, मोडकीतोडकी, निम्मी हिंदीत. वाचता मात्र येत नसे.

आता मी सांगणार आहे, ती गोष्ट गेली पन्नासहून अधिक वर्षे मी कुणाला सांगितलेली नाही.

आमची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. ५२ अक्षरे, उजवीकडून डावीकडे. बाबांचे अक्षर सुंदर होते. रोज रात्री कंदिलाशी बसून ते सिंधी वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. माझ्या प्रगतिपुस्तकावर ते त्याच लिपीत सही करायचे. सातवीत ते पुस्तक मागच्या बाकावर फिरले आणि कुणीतरी म्हणाले, "ही बघा मुंग्यांची रांग!" सगळे हसले. कोण म्हणाले ते मला पक्के आठवते. तो आज इथे आहे आणि माझा जिवलग मित्र आहे, म्हणून नाव सांगत नाही.

आठवीत पहिल्या चाचणीनंतर मी प्रगतिपुस्तक घरी दाखवलेच नाही. बाबांचे नाव मीच मराठीत, जरा मोठ्या माणसासारखे तिरके लिहून टाकले. सहामाहीलाही तेच केले.

मग एके दिवशी बाबा थकलेली फी भरायला शाळेत आले. हातात पापडांची पिशवी, फीचे पैसे सगळे चिल्लर. बाई, तुम्ही त्यांना वर्गाच्या दारात थांबवलेत. माझे प्रगतिपुस्तक उघडून तुम्ही म्हणालात, "मराठीत सही छान करता की तुम्ही!" मी पहिल्या बाकावर होतो. माझ्या पायांतले बळच गेले. बाबांनी त्या सहीकडे पाहिले. थोडा वेळ पाहतच राहिले. मग म्हणाले, "हां बाई, शिकतोय."

तेवढेच. घरी जाताना ते एक शब्द बोलले नाहीत. रात्री नेहमीसारखे वर्तमानपत्र वाचले. मी मार खायची वाट पाहत राहिलो, पण मार मिळाला नाही. वार्षिक परीक्षेनंतर मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा त्यांनी नेहमीची सही केली आणि पुस्तक परत दिले.

वर्षे गेली. गाडीतली फेरी सुटली, कॅम्पात छोटे दुकान झाले, मला नोकरी लागली, लग्न झाले. १९८९ मध्ये माझी मुलगी पहिलीत गेली, तेव्हा बाबा ६७ वर्षांचे होते. तिच्याबरोबर तेही पाटी घेऊन बसू लागले. हात सवयीने उजव्या टोकाला जायचा आणि ती ओरडायची, "डाडा, इकडून!" आम्ही आजोबांना डाडा म्हणतो. ज्या माणसाने चाळीस वर्षे कुणाचा चढा आवाज ऐकून घेतला नव्हता, तो सहा वर्षांच्या मुलीची बोलणी निमूट ऐकून घ्यायचा.

तिचे पहिले प्रगतिपुस्तक आले. बाबांनी ते मागून घेतले आणि पालकाच्या जागी देवनागरीत आपले नाव लिहिले. वेलांटी चुकली होती, रेघ वर चढली होती. मग त्यांनी मान वर केली आणि नातीला नाही, मला विचारले, "शाळेत ही चालेल ना?"

वीस वर्षे त्यांनी ते मनात ठेवले होते. बाईंसमोर माझ्यासाठी जे खोटे बोलले, ते त्यांनी म्हातारपणी खरे करून दाखवले. मला नीट बोलता येईना. मी म्हणालो, "बाबा, शेजारी तुमची नेहमीची पण करा." त्यांनी केली. ते पुस्तक आज मुलीच्या कपाटात आहे, दोन्ही सह्यांसकट. बाबा १९९८ मध्ये गेले.

बाई, आठवीतल्या त्या दोन सह्या माझ्या होत्या. तुम्हाला तेव्हाच कळले होते का, हे मी जेवताना विचारणार आहे. आणि मित्रांनो, मांडवाच्या दाराशी पाणी आणि भाजलेले पापड ठेवले आहेत. आधी ते घ्या, मग पानावर बसा.