चामड्यावरील नक्षी आणि हाताचे वळण

(शाळेतील हस्तकला प्रदर्शनाच्या वेळी रोहा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रदर्शनात माझ्या हातची काही चामड्याची कामे मांडली आहेत. ती पाहून सकाळपासून अनेकांनी विचारले, "सर, तुम्ही बी.ए., बी.एड. झालेले, मग हे काम कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपली दहा-पंधरा मिनिटे घेतो.

कॉलेजात असताना एका सुट्टीत मी चामड्यावर नक्षी उठवण्याचे प्राथमिक धडे घेतले होते. पुढे बी.एड., नोकरी आणि संसार यांत हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. सुमारे बारा वर्षांनी ती खाली काढली. कोणता ठसा कशासाठी, हे सारे आठवत होते. पण सुरी सरळ रेघेत चालेना. हाताचे वळण गेले होते. म्हणून ठरवले की सहा महिने एकही वस्तू करायची नाही. पहिलीतले मूल पाटीवर अक्षर गिरवते, तसे फक्त गिरवायचे.

या कामाला कोणतेही चामडे चालत नाही. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलेच लागते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि लवचीक असते. त्यावर ठसा मारला तर ते बहुतांशी पूर्ववत होते. सालीने कमावलेले चामडे पाण्याने मऊ पडते, दाबाखाली आकार घेते आणि सुकल्यावर तो धरून ठेवते. सगळी नक्षी या एका गुणावर उभी आहे. सरावासाठी सबंध कातडे घ्यावे लागत नाही. पट्टे-पाकिटे कापून उरलेले तुकडे पुरतात.

पहिला धडा ओलाव्याचा. ओल्या स्पंजाने तुकडा सारखा भिजवायचा आणि थांबायचे. वरचा रंग मूळ रंगाकडे परतू लागला, पण गालाला लावल्यावर अजून गारवा जाणवतो, ती वेळ कामाची. त्याआधी ठोकले तर ठसा पसरतो. नंतर ठोकले तर उथळ बसतो. ही वेळ घड्याळात सापडत नाही. रोह्यात मे महिन्यात ती पटकन निघून जाते, तर जुलैत तासभर वाट पाहावी लागते.

दुसरा धडा सुरीचा. हिचे पाते मुठीत फिरते. तर्जनी वर टेकवायची आणि अंगठा व मधल्या बोटाने पाते वळवायचे. चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच चीर द्यायची. मी पहिला महिना सरळ रेघा, दुसरा महिना वर्तुळे आणि पुढे फक्त एक पान काढत राहिलो. तिसरा धडा ठशांचा. खाली जड, गुळगुळीत दगड ठेवायचा, ठसा उभा धरायचा आणि लाकडी मोगरीने एकसारखे घाव घालायचे. चिरेच्या एका बाजूचे चामडे दाबले की दुसरी बाजू उठून दिसते. प्रत्येक घाव आधीच्या घावावर निम्मा चढला तर पायऱ्या पडत नाहीत. घावाची ताकद बदलली की ते लगेच दिसते.

प्रत्येक तुकड्याच्या मागे मी तारीख घातली. ते तुकडे त्या टेबलावर क्रमाने ठेवले आहेत. पूर्ण झालेल्या पाकिटापेक्षा विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावेत. "मला जमत नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला मी आता उपदेश करीत नाही. पहिला आणि चाळिसावा तुकडा शेजारी ठेवून दाखवतो.

या कामात विज्ञानही आहे. ओल्या चामड्याला गंजके लोखंड लागले की काळा डाग पडतो, कारण सालीतील टॅनिनचा लोहाशी संयोग होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग तयार होतो तो याच क्रियेने. म्हणून ठसे पुसून कोरडे ठेवावेत. आपल्या कुंडलिकेकाठच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशीही फार लवकर धरते. तयार वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. सुती कापडात ठेवावी, अधूनमधून वारा द्यावा. ओले चामडे सावलीतच सुकवावे, चुलीजवळ किंवा कडक उन्हात नव्हे. तेथे ते कडक होऊन तडकते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शिकलेल्या माणसाने हे काम का करावे? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तेथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. त्या समितीने शाळेतील मूलोद्योगांत कताई-विणकाम, सुतारकाम, शेती यांच्या पंक्तीला चामडेकाम बसवले. ज्या गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ती परिषद भरली, त्यांनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत चपला करण्याचे काम शिकून घेतले होते. इतिहासात आणखी मागे गेलो तर कैरो आणि हेरातच्या कारागिरांनी ग्रंथांच्या चामडी बांधणीवर उठवलेली नक्षी आज जगातील संग्रहालयांत जपली जाते. विद्या आणि चामडे यांचा संबंध असा जुना आहे.

तरीही आपल्याकडे चामड्याला हात लावणे कमीपणाचे मानले गेले. जोडा सर्वांना हवा, पण तो करणारा दूर हवा, ही आपली जुनी रीत. तिची झळ चर्मकार आणि ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि मुळाचा उल्लेख केला नाही, तेव्हा आपल्याला राग आला. तो योग्यच होता, आणि पुढे कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्यही केले. पण आपल्या गावातील कारागिराला आपण कोणता मान देतो, हेही विचारले पाहिजे. रापीला धार कशी लावावी, हे मला रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्या एका चाचांनी शिकवले. मी हौसेने करतो तेव्हा माझे कौतुक होते. तेच काम पोटासाठी करणाऱ्याशी मात्र आपण घासाघीस करतो.

प्रवेश अर्जात "वडिलांचा व्यवसाय" असा एक रकाना असतो. दरवर्षी जूनमध्ये त्या रकान्यापाशी काही मुलांचे पेन थांबते. मुले इकडेतिकडे पाहतात आणि "धंदा" एवढेच लिहितात. ते पेन थांबू नये, एवढ्यासाठी तरी शिक्षकाच्या हातात कधीमधी रापी दिसावी, असे मला वाटते. संस्थेने कार्यानुभवाच्या तासाला अशा कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, ही माझी नम्र विनंती आहे. त्या दिवशी मी मुलांबरोबर बाकावर बसेन.