पाण्यातली नांगरट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘साताऱ्याचा माणूस आणि नौदलात कसा?’ हा प्रश्न गावाकडे मला नेहमी विचारला जायचा. आमच्या जिल्ह्यात फौजी म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, हे ठरलेले. अपशिंगे मिलिटरी हे तर गावाचेच नाव! मी सांगायचो, की माझे काम शेतकऱ्याचेच आहे, फक्त नांगरट पाण्यात करायची. मी पाणसुरुंग काढणाऱ्या जहाजावर होतो.

पाणसुरुंगाचा जुना प्रकार असा. समुद्राच्या तळाशी एक जड वजन, त्याला बांधलेली तार आणि तारेच्या वरच्या टोकाला पाण्याखाली दडलेला स्फोटकांचा गोळा. जहाज त्याला थडकले की स्फोट. तो काढण्यासाठी आमच्या जहाजामागे लांब पोलादी तार सोडत. एक फ्लोट ती बाजूला ताणून धरी, दुसरे अवजार तिला ठराविक खोलीवर ठेवी. तारेवर जागोजागी कातऱ्या बसवलेल्या असत. सुरुंगाची तार कातरीत आली की तुटे आणि गोळा वर तरंगे. मग दुरून गोळीबार करून तो नष्ट करायचा. एक पट्टा झाला की त्याला लागून दुसरा. शेतात एखादा तास सुटला तर तण राहते, इथे सुरुंग राहतो.

तळावर पडून राहणारे सुरुंग अधिक लबाड. जहाजाच्या लोखंडाची चुंबकीय चाहूल किंवा इंजिनाचा आवाज लागला की ते फुटतात. त्यांना फसवण्यासाठी मागे विजेच्या केबल आणि आवाज करणारे यंत्र ओढत न्यायचे. काही सुरुंग पहिली काही जहाजे मुद्दाम जाऊ देतात आणि नंतरच्यावर फुटतात. म्हणून त्याच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा जावे लागते. आता सोनार आणि पाण्याखाली चालणारी यंत्रे सुरुंग शोधतात, तरी पाणबुडे लागतातच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीकरांनी नौदलाच्या रबरी बोटी पाहिल्या आहेत. तशाच बोटींतून हे पाणबुडे कामावर जातात.

समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्याला याचे काय, असे कुणी म्हणेल. 23 जून 1917 रोजी ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळ सुरुंगावर आदळून बुडाले. तो सुरुंग ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने काही महिन्यांपूर्वी टाकला होता. त्या दिवशी ‘वोल्फ’ पार पॅसिफिक महासागरात होते. आज तासगावची द्राक्षे कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात. बंदराच्या वाटेत सुरुंग असल्याची नुसती शंका आली, तरी ती वाट तपासून होईपर्यंत जहाजे थांबतील. द्राक्षे थांबू शकत नाहीत.

असे काम एका देशाला झेपणारे नसते. म्हणून अनेक नौदले एकत्र सराव करतात. खोटे सुरुंग टाकायचे, समुद्र वाटून घ्यायचा आणि एकमेकांची साधने पाहायची. सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने आखाती भागात अशा सरावाला 30 हून अधिक देश होते. जुलै 2019 मध्ये जपानजवळ भारत, जपान आणि अमेरिका यांचा असा सराव झाला.

पण त्याच 2019 साली आपले या कामाचे शेवटचे जहाज, ‘आयएनएस कोळिकोड’, निवृत्त झाले. सोव्हिएत संघाकडून 1978 ते 1988 या काळात आलेल्या 12 जहाजांपैकी ते होते. ‘रत्नागिरी’ आणि ‘कोकण’ ही आपल्या ओळखीची नावेही त्यांतलीच. नवी जहाजे गोव्यात बांधण्याची योजना 2018 मध्ये बारगळली. जुलै 2025 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांच्या खरेदीला प्राथमिक मंजुरी दिली, पण मंजुरीपासून प्रत्यक्ष जहाजापर्यंत बरीच वर्षे जातात.

मला काळजी वाटते ती या मधल्या वर्षांची. ताणलेली तार केव्हा सैल सोडायची आणि तिच्यापासून किती लांब उभे राहायचे, हे मला पुस्तकाने शिकवले नाही. माझ्या आधीच्या खलाशाने डेकवर हात धरून शिकवले. सरावाला माणसे पाठवता येतात, रोजचा हात मात्र स्वतःच्या जहाजावरच बसतो. औत पडून राहिले तर नवे आणता येते. नांगरणाराच उरला नाही, तर त्या नव्या औताला कोण जुंपणार?