हृदयातील कृत्रिम झडप निकामी होते तेव्हा

सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमाग आणि कापडाचा धंदा हा त्यांच्यापैकी अनेकांचा आधार. दाटीच्या वस्तीत एखाद्या मुलाचा घसा सुजतो, ताप येतो, मागाहून सांधे दुखतात आणि काही दिवसांनी सारे ओसरते. घरची माणसे ते विसरतात. हृदय मात्र विसरत नाही. हा संधिज्वर हृदयाच्या झडपांवर घाला घालतो आणि पुढे ऐन कमावत्या वयात जिना चढताना दम लागू लागतो. झडप फारच बिघडली म्हणजे तिच्या जागी कृत्रिम झडप बसवावी लागते.

शल्यवैद्य अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी अमेरिकेत 1960 साली पिंजऱ्यातील चेंडूची झडप हृदयात यशस्वी रीतीने बसविली. आज मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक यांत्रिक, हिच्या पाकळ्या बहुधा विशिष्ट कार्बनच्या असतात. सुरतेचे कारागीर ज्या हिऱ्याला पैलू पाडतात, तोही कार्बनच. दुसरी, गाय किंवा डुक्कर यांच्या ऊतींपासून केलेली. पहिली दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरीला बहुधा त्या गोळीची जन्मभर गरज नसते. मात्र तिच्यात कॅल्शियम साठते आणि सुमारे दहा ते पंधरा वर्षांत ती झिजते, तरुणांत त्याहून लवकर.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते, म्हणजे झडपही तितक्याच वेळा उघडते व मिटते. या कष्टात चुकीला जागा नाही. 1979 ते 1986 या काळात सुमारे 86,000 रुग्णांना बसविलेल्या ब्यॉर्क-शायली झडपेच्या एका नमुन्यात डाखाने जोडलेली दांडी तुटू लागली आणि शेकडो रुग्ण दगावले. असा घात क्षणात होतो. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरली, तर पाकळी अडकते. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला, तर पक्षाघात होतो.

परंतु अधिक फसवा असतो तो संथ बिघाड. झडप गळू लागली म्हणजे बाहेर टाकलेले रक्त मागे फिरते. ते सामावून घेण्यासाठी डावी जवनिका ताणली जाते. झडप अरुंद झाली, तर तिच्यामागील कप्प्यावर ताण पडतो. काही काळ हृदय हे निमूटपणे सोसते आणि रुग्णास ठणठणीत वाटते. पुढे फुफ्फुसांत रक्त तुंबते, पाय सुजतात, यकृत वाढते, नाडी अनियमित होते. गळतीच्या घर्षणाने तांबड्या पेशी फुटून पंडुरोगही जडतो. झडप बदलता येते, पण फार दिवस ताणलेला हृदयस्नायू नेहमीच पूर्ववत होत नाही. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता वेळोवेळी इकोची तपासणी करून घ्यावी.

रोजच्या सवयींचेही महत्त्व मोठे आहे. सणासाठी ताप्ती मार्गाच्या गाडीने गावी निघालेला माणूस गोळ्या घरी विसरतो, किंवा ‘आता बरे आहे’ म्हणून सोडून देतो. धोका तेथेच सुरू होतो. रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आय.एन.आर. ही तपासणी ठरल्या दिवशी व्हावी. पालेभाज्या सोडू नयेत. त्यांचे प्रमाण स्थिर ठेवावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास झडपेची माहिती द्यावी, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे झडपेवर बसू शकतात. दिवस राहण्याचा विचार असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या गोळीने गर्भास अपाय होण्याचा संभव असतो.

थिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूचे आधीचे तीन नमुने अपयशी ठरले. चौथा टिकला आणि डिसेंबर 1990 मध्ये तो प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आला. परदेशी झडप ज्यांना परवडत नव्हती, अशा असंख्य भारतीयांना तिने जीवदान दिले. आता सुरतेच्याच सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीजची ‘हायड्रा’ ही झडप छाती न उघडता मांडीच्या धमनीतून नेऊन बसविता येते. निकामी झालेल्या ऊतीच्या झडपेतच नवी झडप बसविण्याचा मार्गही काही रुग्णांना खुला झाला आहे. मात्र त्यासाठीही रुग्ण वेळेवर वैद्याकडे पोहोचला पाहिजे. आणि मुलाचा सुजलेला घसा वेळीच दाखविला, तर पुष्कळांना झडपेची गरजच पडणार नाही.