आज रात्री की उद्या पहाटे?



आज आपण इंग्रजीतले वेळेचे शब्द पाहू. "आम्हाले इंग्रजी काय करायची, गुरुजी?" असे कोणी म्हणेल. पण आगगाडीचे तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, मोबाईलवरचा निरोप, या वाटांनी इंग्रजी आपल्या घरात शिरली आहे. तिचे चार शब्द कळले नाहीत तर नुकसान आपलेच होते. माझे झाले. ते आधी सांगतो.

मुंबईला माझ्या धाकट्या भावाचे ऑपरेशन होते. आमची गाडी मलकापूरहून होती. तिकिटावर तारीख १५, वार शनिवार, वेळ ००:२०. म्हणजे शनिवारी रात्री बारा वाजून वीस मिनिटे, असे मी धरले. शनिवारी रात्री जेवून, शिदोरी बांधून आम्ही चौघे स्टेशनावर गेलो. तिकीट पाहून बाबू म्हणाले, "अहो, ही गाडी काल रात्रीच गेली!" भावाला आत नेले तेव्हा त्याच्याजवळ घरचे कोणी नव्हते. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही. माझ्या मनाला मात्र अजून लागते.

चूक कुठे झाली? आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून शनिवारची रात्र उजाडेपर्यंत शनिवारचीच. इंग्रजी तारीख मात्र रात्री बाराच्या ठोक्याला बदलते. शुक्रवारी रात्री बारा वाजले की शनिवार लागला. हे वर्गात सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "काऊन जी, इंग्रजाचा दिवस अंधारातच उगवते काय?"

हो, आजी, अंधारातच उगवतो. आपण ज्याला रात्रीचा एक म्हणतो, त्याला इंग्रजीत 'वन इन द मॉर्निंग' म्हणतात. म्हणजे सकाळचा एक! म्हणूनच रात्रीच्या १२:२० पुढे ए.एम. लिहितात आणि दुपारच्या १२:२० पुढे पी.एम. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे. त्यात १३ म्हणजे दुपारचा एक, २० म्हणजे रात्रीचे आठ आणि ०० म्हणजे मध्यरात्र.

आता बोलण्यातले शब्द. आपली शिकलेली मुले 'आज सकाळी' याचे 'टुडे मॉर्निंग' करतात आणि 'काल रात्री' याचे 'येस्टर्डे नाईट'. समजते, पण इंग्रजीची रीत तशी नाही. तिथे 'धिस मॉर्निंग' म्हणजे ही सकाळ, आणि 'लास्ट नाईट' म्हणजे मागची रात्र. आज रात्रीला तर एकच शब्द आहे, 'टुनाईट'. उद्या सकाळ मात्र सरळ 'टुमॉरो मॉर्निंग'. असे का, ते विचारू नका. भाषेच्या खोडी असतात.

भल्या पहाटे, झुंजूमुंजू, दिवेलागण असे आपल्याकडे किती शब्द! इंग्रजीत पुष्कळ काम 'अर्ली' आणि 'लेट' या दोन शब्दांवर भागवतात. 'अर्ली' म्हणजे लवकर, 'लेट' म्हणजे उशिरा. 'अर्ली टुमॉरो मॉर्निंग' म्हणजे उद्या भल्या सकाळी. 'लेट लास्ट नाईट' म्हणजे काल रात्री उशिरा. आता पाहा, मध्यरात्रीनंतरच्या एकाच गाडीला एक जण 'लेट नाईट'ची म्हणेल, दुसरा 'अर्ली मॉर्निंग'ची. दोघेही बरोबर, आणि मधल्यामध्ये आपली गाडी चुकते.

आपली मराठीही काही कमी नाही. 'परवा' म्हणजे झालेला दिवस की येणारा? 'परवा आलो' आणि 'परवा येईन', दोन्हीला शब्द तोच. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे बोल आहेत. फोनवर नुसते 'परवाचे तिकीट' म्हणू नका. तारीख सांगा, वारही सांगा.

तिकीट काढताना बाबूंना स्पष्ट विचारा, "साहेब, घरून शुक्रवारी रात्री निघू की शनिवारी रात्री?" विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो.

आता पाटी घ्या. शेगावहून गाडी आहे. तारीख १६, वार रविवार, वेळ ०१:१०. रात्रीचे जेवण उरकून स्टेशनावर कोणत्या वारी जाल? लिहून दाखवा.