सिंदखेडची समाधी



जालन्याहून मेहकरकडे निघालात, की वाटेत सिंदखेडराजा लागते. बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव म्हणजे जिजाबाईंचे माहेर. दरवर्षी 12 जानेवारीला त्यांच्या जयंतीसाठी येथे माणसांचा पूर लोटतो. लोक राजवाडा बघतात, मोती तलाव बघतात. पण जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांच्या समाधीपाशी घटकाभर थांबणारे थोडे. आज आपण तेथे थांबू या.

एकदा मी मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. ती मोठी चौकोनी इमारत पाहून एका मुलाने विचारले, "सर, इथं त्यांना पुरलंय का?" प्रश्न काही वेडगळ नव्हता. मी म्हटले, "बाबा, ही कबर नव्हे. अग्नी दिल्यानंतर आठवण म्हणून जी वास्तू उभारतात, तिला आपण समाधी किंवा छत्री म्हणतो." त्याचा दुसरा प्रश्न मात्र अवघड होता. "ते लढाईत पडले का?"

नाही, लढाईत पडले नाहीत. तीच तर दुःखाची गोष्ट आहे. लखुजी हे निजामशाहीतले मातब्बर सरदार. 1621 च्या सुमारास ते मोगलांना मिळाले. 1624 साली नगरजवळ भातवडीची लढाई झाली, तेव्हा जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने आणि सासरे लखुजी मोगलांच्या बाजूने! जिजाबाईंच्या मनाचे काय झाले असेल, बघा. इकडे कुंकू, तिकडे जन्मदाता.

पुढे लखुजी परत निजामशाहीत आले. पण गेलेला विश्वास काही परत आला नाही. 1629 च्या जुलै महिन्यात दौलताबादेस दरबारात गेले असता त्यांच्यावर घाला पडला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव, असे एकाच घरचे चौघे एकाच दिवशी मारले गेले.

त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. त्यानंतर सात महिनेही पुरते झाले नव्हते, तोच 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. ज्यांची चाकरी करायची, त्यांच्याच दरबारात माहेर बुडाले, हे त्या माउलीने पोटात मूल असताना ऐकले. शिक्षकबंधूंनो, स्वराज्याचा धडा शिकवताना मुलांना आधी हे सांगा. पुढचे सारे मग त्यांना आपोआप कळेल. निजामशाहीलाही हे पाप पचले नाही. जाधवांचे उरलेले भाऊबंद मोगलांकडे गेले, शहाजीराजांनीही 1630 साली तिची चाकरी सोडली आणि 1636 साली ती बुडाली.

आणखी एक गोष्ट ऐका. 2024 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून या छत्रीच्या डागडुजीचे काम चालू होते. तेव्हा जवळच जमिनीत जुन्या देवळाचे अवशेष लागले. आणखी खोदल्यावर सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची सुरेख मूर्ती निघाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीवरून आपण चाललो, तिच्या पोटात हे होते! तेव्हा शेतात नांगराला कोरीव दगड लागला, तर तो बांधावर फेकू नका, की पायरीला लावू नका. तलाठ्याला नाहीतर शाळेच्या मास्तरांना कळवा.

जिजाबाईंची स्वतःची समाधी इथून फार दूर, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला आहे. 17 जून 1674 रोजी, राज्याभिषेक डोळे भरून पाहिल्यावर बाराच दिवसांत, त्या गेल्या. लेक तिकडे, बाप इकडे.

परत निघताना पाहतो तो त्याच मुलाच्या हातात कोळसा! भिंतीवर नाव लिहायला त्याने तो उचलला असावा. मी काही बोललो नाही. त्याने समाधीकडे एकदा पाहिले, कोळसा खाली टाकला आणि हात पँटला पुसले.

तुम्ही सिंदखेडला जाल, तेव्हा पोरांना बरोबर न्या.