पाणबुडीचे सामर्थ्य आणि पिंपरी-चिंचवडचा कारखाना

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या या औद्योगिक पट्ट्यात पाणबुडीविषयी व्याख्यान व्हावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटण्यासारखे आहे. येथे मोटारी, मोटारसायकली, बॉयलर व यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. समुद्र पाहावयाचा तर खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. परंतु पाणबुडीचे यश ज्या गुणावर अवलंबून असते, तो गुण समुद्रात निर्माण होत नाही. तो कारखान्यात निर्माण होतो. हे समजून घेण्यासाठी अरबी समुद्रातील एका रात्रीपासून आरंभ करणे योग्य होईल.

९ डिसेंबर १९७१ ची ती रात्र होती. त्यापूर्वी ४ डिसेंबर रोजी आणि पुन्हा ८ डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर यशस्वी हल्ले केले होते. पश्चिम किनाऱ्यावर भारतीय नौदलाचे वर्चस्व निर्विवाद होते. अशा वेळी दीवच्या बाजूस शत्रूची एक पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला व तिचा शोध घेण्यासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या फ्रिगेट धाडण्यात आल्या. ती पाणबुडी होती फ्रान्समध्ये बांधलेली, पाकिस्तानची ‘हंगोर’. शोध घेणाऱ्या नौकांना ती सापडण्यापूर्वी त्या नौकाच तिला सापडल्या. तिच्या पाणतीराने ‘खुकरी’ काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याची ही पहिलीच घटना होय.

या घटनेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही; वास्तविक सामरिक दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ‘हंगोर’चा पाठलाग चार दिवस चालला. नौका व विमाने त्या कामी गुंतून पडली, आणि तरीही ती पाणबुडी निसटून कराचीस पोहोचली. तिने बुडविली एकच नौका. परंतु अडकवून ठेवले कित्येकांना.

पूर्वेकडील उदाहरण याहून बोलके आहे. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी मूळची अमेरिकन. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या शोधार्थ ती बंगालच्या उपसागरात आली होती. व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ अंदमानकडे हलविली आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा आभास बिनतारी संदेशांच्या द्वारे निर्माण केला. ‘गाझी’ त्या बंदराच्या तोंडाशी आली व ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बुडाली. ती भारतीय विनाशिकेच्या माऱ्याने बुडाली की स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, याविषयी दोन्ही देशांची निवेदने भिन्न आहेत. मात्र एक गोष्ट वादातीत आहे : युद्ध सुरू होण्यापूर्वीच केवळ एका पाणबुडीच्या शक्यतेने भारताच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेचा मुक्काम कोठे असावा हे ठरविले.

भारताच्या पाणबुड्याही त्या युद्धात निष्क्रिय नव्हत्या. ‘करंज’ ही पाणबुडी कराचीच्या सागरी मार्गावर गस्त घालीत होती. तिचे कमांडर शेखावत यांना वीरचक्र मिळाले व पुढे १९९३ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. तटस्थ देशांच्या व्यापारी जहाजांना धोका पोहोचू नये म्हणून लक्ष्याची खात्री पटल्याखेरीज मारा करावयाचा नाही, असे बंधन होते. आपल्या पाणबुड्यांच्या नावे एकही जहाज जमा नाही. केवळ बुडविलेल्या जहाजांवरून हिशेब करणाऱ्यास हे अपयश वाटेल. पण बंदराबाहेर पाणबुडी असू शकते, ही शंकाच शत्रूच्या नौकांना बंदरात थोपवून धरीत असते.

महाराष्ट्रास हा विचार नवा नाही. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा इंग्रज व सिद्दी या दोघांनीही विरोध केला. इंग्रजांची जहाजे मोठी, मराठ्यांची गलबते लहान. समोरासमोरच्या लढाईत तोफांचे बळ इंग्रजांकडे अधिक होते. तरीही रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद पोहोचतच राहिली व बेट हातचे गेले नाही. बलाढ्य आरमाराला बेचैन ठेवण्याची ती रीत होती. नौदलाच्या दोन पाणबुड्यांना ‘खांदेरी’ हे नाव देण्यात आले, ते उचितच झाले.

आता थोडे शास्त्र. समुद्रात प्रकाश व रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदास सुमारे दीड हजार मीटर या वेगाने दूरवर जातो. म्हणून पाणबुडी शोधावयाची ती कानाने. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी उबदार व खालचे थंड असते. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो. पाण्यात अर्धवट बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते, तसाच काहीसा हा प्रकार. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात तो सहज समजावून देता येईल. वरून सोडलेली ध्वनिलहर त्या सीमेवर वाकून दुसरीकडे जाते व तिच्याखाली असलेली पाणबुडी ‘ऐकू’ येत नाही. त्यातच गुजरात व मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ असल्याने तळावरून येणारे प्रतिध्वनी गोंधळात भर घालतात. ‘खुकरी’च्या पराभवात या पाण्याचाही वाटा होता, असे मानण्यास जागा आहे.

परंतु निसर्गाचे हे पांघरूण स्वतः आवाज करणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. झिजलेले बेअरिंग, गिअरचा किंचित चुकलेला दाता, नीट न बसविलेला पंप यांतून निघणारी कुरकुर शत्रूच्या यंत्राला पुरेशी असते. मोटारीत असा दोष राहिला तर गिऱ्हाईक तक्रार करते. पाणबुडीत राहिला तर तक्रार करावयास कोणी उरत नाही.

दुसरी अडचण हवेची. डिझेल इंजिनास हवा लागते व पाण्याखाली ती नसते. म्हणून साधी पाणबुडी बुडाल्यावर विद्युत्घटांवर चालते. ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुडीत असे ३६० घट असून प्रत्येकाचे वजन ७५० किलो आहे. म्हणजे केवळ घटांचाच भार २७० टन. ते उतरले की पाणबुडीस पृष्ठभागाजवळ येऊन श्वासनलिका वर काढावी लागते व इंजिने चालवून घट पुन्हा भरावे लागतात. शत्रूचे विमान याच क्षणाची वाट पाहत असते. हवेवाचून वीज निर्माण करण्याची सोय झाली तर हे वर येणे पुष्कळ लांबणीवर टाकता येते. पाकिस्तानच्या ‘अगोस्टा ९० बी’ पाणबुड्यांत अशी सोय आहे. त्या देशाने २०१५ मध्ये चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेण्याचे ठरविले. त्यांतील पहिलीचे जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये वुहान येथे झाले. या वर्गाला दिलेले नाव आहे ‘हंगोर’.

भारताचे या दिशेचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने इंधनघटावर आधारलेली यंत्रणा विकसित केली. तीत हायड्रोजनच्या टाक्या बाळगाव्या लागत नाहीत. तो पाणबुडीवरच रसायनापासून तयार होतो, आणि वीज निर्माण झाल्यावर मागे उरते ते पाणी. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. या कामात ज्या दोन उद्योगांचे साहाय्य झाले, त्यांतील एक लार्सन अँड टुब्रो व दुसरा थरमॅक्स. थरमॅक्सचा जुना कारखाना चिंचवडला आहे, तर लार्सन अँड टुब्रोचे शस्त्रप्रणालींचे संकुल चाकणपासून जवळच, तळेगावला. पाणबुडीचे घट पुरविणाऱ्या एक्साइड कंपनीचा मोटारींच्या बॅटऱ्यांचा कारखानाही चिंचवडलाच आहे. लोणावळ्याच्या ‘आय.एन.एस. शिवाजी’ या संस्थेत १९४५ पासून नौदलाचे अभियंते व तंत्रज्ञ शिक्षण घेत आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्याने अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘अरिहंत’ पाणबुडीच्या कामात भाग घेतला. समुद्र दूर असेल. पाणबुडी तितकी दूर नाही.

तरीही समाधान मानण्यासारखी स्थिती आहे, असे म्हणता येणार नाही. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीशी करार होऊन चार पाणबुड्यांची मागणी नोंदविली गेली. दोन तेथे बांधल्या गेल्या. ‘शल्की’ व ‘शंकुल’ या दोन माझगाव गोदीत बांधून अनुक्रमे १९९२ व १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्या. प्रतिकूल परिस्थितीत संपादन केलेली ती मोठी सिद्धी होती. त्यानंतर काय झाले? व्यवहारातील कमिशनच्या आरोपांमुळे पुढील मागणी रखडली व गोदीतील पाणबुडीबांधणीचे काम थांबले. नवा करार २००५ मध्ये झाला आणि ‘कलवरी’ दाखल होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. मधल्या तेवीस वर्षांत शल्कीची जोडणी करणारे वेल्डर वयोमानाने निवृत्त झाले, काहींनी दुसरीकडे काम पाहिले. आरोपांची चौकशी व्हावयास हवीच होती. पण चौकशी चालू असताना कारागिरांचे हात रिकामे ठेवलेच पाहिजेत, असे कोणत्या नियमात लिहिले आहे? यंत्रे गंजली तर नवी घेता येतात. हातातली कला गेली तर पहिल्यापासून शिकावी लागते. सहाव्या ‘वागशीर’चा नौदलात प्रवेश १५ जानेवारी २०२५ रोजी झाला, तेव्हा पुढच्या पाणबुडीचे बांधकाम गोदीत सुरू झालेले नव्हते.

कारागिरीतील त्रुटीची किंमत काय असते, हे १९८२ च्या फॉकलंड युद्धात दिसले. अर्जेंटिनाची ‘सान लुईस’ ही पाणबुडी आपल्या ‘शिशुमार’ वर्गाशी नाते सांगणारी, जर्मन घडणीची. बलाढ्य ब्रिटिश नौदलाने तिला शोधण्यात अपार श्रम खर्च केले व ती हाती लागली नाही. ती मारा करण्याइतक्या अंतरावरही आली होती. पण तिचे नेमसाधन संगणक-यंत्र बिघडलेले होते व पाणतीर लक्ष्यावर पोहोचलेच नाहीत. खलाशांनी आपले काम चोख केले. यंत्राने केले नाही.

भोसरीच्या लघुउद्योजकास मोटारीचे लाखभर एकसारखे भाग करणे परवडते. पाणबुडीसाठी लागतात बारा झडपा, प्रत्येकीची स्वतंत्र तपासणी, प्रत्येक वेल्डिंगचे क्ष-किरण छायाचित्र, आणि देयक मिळेपर्यंतची प्रतीक्षा. असे काम त्याने घ्यावे असे वाटत असेल तर मागणीत सातत्य व देयकात तत्परता हवी. देशभक्तीच्या आवाहनावर बँकेचे हप्ते फिटत नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दाबपात्राचे वेल्डिंग व सूक्ष्म मापन शिकविण्यावर भर द्यावा लागेल. पंचायतींकडेही काही भाग येतोच. चाकण चौकात तासन् तास अडकलेल्या मालमोटारीत मोटारीचे बंपर असेल तर एक वेळ चालून जाते. नाजूक उपकरण असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याची परीक्षा घेतो.

३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. अंबरनाथला सिद्ध झालेली यंत्रणा ज्यात बसेल असा पाणबुडीचा एक स्वतंत्र खंड त्यानुसार बांधावयाचा आहे. पाणबुडीचे पोलादी शरीर मधोमध कापून त्यात हा खंड बसवावयाचा आणि तिन्ही भाग पुन्हा एकसंध जोडावयाचे, असे हे काम आहे.