घरातील संगीत आणि विजेचा गोंगाट



करवीर नगरीची गाण्याची आवड जुनी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब येथे राहिले, आणि त्यांच्या तालमीतून केसरबाई केरकरांसारखा आवाज घडला. त्या आवाजातील भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. आपण मात्र तीच भैरवी घरी ऐकावयास बसावे, तर गाण्याच्या आधी ‘घूं’ असा भलताच सूर कानी पडतो. या आवाजावर उपाय म्हणून पुष्कळ घरांत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वीज विलग करणारे रोहित्र, आणले जाते. त्याने काय साधते व काय साधत नाही, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम रोगाची लक्षणे पाहू. घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदास ५० आवर्तनांची असते. ही ५० आवर्तने, किंवा ती एकदिश करताना उरणारी १०० आवर्तनांची लहर, ध्वनिक्षेपकात शिरली की सलग घुमणारा आवाज निघतो. गवयाच्या मागे कोणी न जुळविलेला तंबोरा छेडीत बसावे, तसा तो प्रकार होय. दुसरे लक्षण चरचरीचे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट मध्येच तोडून सोडतो. एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर यांच्या आतील मंडले सेकंदास हजारो वेळा उघडझाप करतात. शेजारी वेल्डिंगचे किंवा मोठ्या मोटारीचे काम चालू असेल, तर त्याचीही भर पडते. हा सारा केरकचरा तारांवरून फिरत फिरत आपल्या ॲम्प्लिफायरपर्यंत येऊन पोहोचतो.

आता रोहित्राकडे वळू. १८३१ च्या ऑगस्ट महिन्यात मायकेल फॅरडे यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यास जोडलेली सुई हलली, आणि तीही दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांस स्पर्श नसताना! सतारीची वरची तार छेडली असता खालची तरफ आपोआप झंकारते, ते आठवावे. आपल्या रोहित्रातही वीज अशीच चुंबकत्वाच्या द्वारे पलीकडे जाते. २३० व्होल्ट आत येतात आणि तितकेच बाहेर पडतात. चांगल्या प्रतीच्या रोहित्रात दोन वेटोळ्यांच्या मध्ये तांब्याचा पातळ पडदा असून तो अर्थिंगला जोडलेला असतो. दोन्ही तारांवर एकदमच स्वार होऊन येणारा गोंगाट या पडद्यावर अडतो आणि जमिनीकडे वळविला जातो. या उपकरणाचा खरा गुण हाच.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. विजेचा दाब उतरला, तर पलीकडेही तो उतरतोच. दाब सांभाळणे हे स्टॅबिलायझरचे काम. उलटपक्षी, घरगुती स्टॅबिलायझरमध्ये बहुधा एकच सलग वेटोळे असते, त्यामुळे त्याने विलगीकरण होत नाही. फेज व न्यूट्रल यांच्या दरम्यानचा गोंगाटही काही अंशी पार जातोच.

म्हणून पैसे खर्चण्यापूर्वी परीक्षा करावी. यंत्र बंद करून बाहेरून आवाज आणणाऱ्या सर्व तारा काढाव्यात आणि मग ते पुन्हा चालू करावे. घूंकार नाहीसा झाला, तर दोष बहुतकरून जोडण्यांचा आहे. दूरदर्शन संचाची किंवा संगणकाची तार आणि अर्थिंग यांचे मिळून एक वर्तुळ तयार होते व त्यात प्रवाह फिरू लागतो. अशा वेळी सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. तेवढ्याने न भागल्यास ध्वनीच्या तारेवर बसविण्याचे छोटे रोहित्र मिळते, ते लावावे. पंखा बंद करताच चरचर थांबली, तर रेग्युलेटर बदलणे हा स्वस्त उपाय होय. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज बिघडत असेल, तर त्याची लाट चौकोनी नाही ना, हे पाहावे. एवढे करूनही गोंगाट उरला, तर रोहित्राचा विचार करावा.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. घूंकार घालविण्यासाठी कित्येकजण तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची तार कापून टाकतात. आवाज जातो, आणि त्याबरोबर घराचा पहारेकरीही जातो. आत कोठे फेजची तार सुटून धातूच्या पेटीस लागली, तर ती पेटी जिवंत होते, आणि पहिला हात कदाचित घरातल्या लहान मुलाचा पडतो. रोहित्र घेतले तरी भिंतीपासून यंत्रापर्यंत अर्थिंग अखंडच ठेवावे. शिवाय घरच्या बोर्डावरील गळतीरोधक स्विच रोहित्रापलीकडच्या दोषाला सहसा दाद देत नाही, हेही ध्यानात असावे. म्हणून ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

रोहित्र निवडताना यंत्राच्या मागील पट्टीवरील आकडा पाहावा. तेथे ३०० वॅट लिहिले असल्यास निदान ५०० ते ६०० व्होल्ट-अँपिअरचे घ्यावे. लहान घेतल्यास द्रुत लयीच्या भरात दाब खचतो व गाणे गुदमरते. त्याचा लोखंडी गाभा स्वतःही किंचित गुणगुणतो व तापतो. यास्तव ते हवेशीर जागी ठेवावे आणि तबकडी वाजविण्याच्या यंत्रापासून दूर असावे, कारण त्याचे चुंबकत्व तेथील सुईच्या कार्ट्रिजपर्यंत पोहोचते.

तात्पर्य, रोहित्र गाणे सुधारीत नाही. गाण्याभोवतीची शांतता तेवढी परत मिळवून देते, आणि तीही निदान अचूक असेल तरच. ती शांतता अवश्य मिळवावी, परंतु अर्थिंगच्या तारेला कात्री लावून नव्हे.